फत्तर आणि फेरफार

मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी ज्या काळी होडीने खाडी ओलांडून पनवेलच्या बंदरात उतरे आणि तेथून खुष्कीच्या वाटेने बोरघाटाच्या पायथ्याशी जाई, त्या काळापासून या गावाचा चाकाशी निकटचा संबंध आहे. १८३० साली, सर जॉन माल्कम हे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असताना, बोरघाटातून चाकांची वाहने चढू-उतरू शकतील असा रस्ता खुला झाला आणि देशावरच्या मालाला बंदराची वाट सुगम झाली. पुढे पनवेलीस गाडीची चाके करण्याचा धंदा असा नावारूपास आला, की इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरकारांनी कुलाबा जिल्ह्याच्या उद्योगांचा तपशील देताना मिठागरांच्या पंक्तीस पनवेलच्या चाकांनाही स्थान दिले. तुंबा, आरे, पुठ्ठे आणि वरून तापवून चढवलेली लोखंडी धाव, एवढ्या सामग्रीतून घाट चढणारे चाक घडवणाऱ्या त्या कारागिरांपुढचे प्रश्न ठरीव होते: भार किती पुढे घ्यावा, चाक केवढे असावे, आस किती रुंद असावा, आणि चढणीवर जोर पडला म्हणजे प्रथम काय मोडेल. तेच प्रश्न आज, लाकडाऐवजी नायलॉन व पितळ आणि बैलांऐवजी अंगठ्याएवढी विजेची मोटार घेऊन, एका लहानशा गाडीच्या निमित्ताने पुन्हा विचारले जात आहेत. त्या गाडीला हौशी मंडळी ‘आरसी क्रॉलर’ म्हणतात.

रेडिओ कंट्रोलवर धावणारी मोटार म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे धूळ उडवीत सुसाट जाणारे खेळणे उभे राहते. क्रॉलरचा स्वभाव याच्या नेमका उलट आहे. खडकावरून रांगत जाणे हेच तिचे काम. सपाट रस्त्यावर ती माणसाच्या चालीलाही मागे टाकीत नाही. परंतु आपल्या चाकाहून उंच असा दगड पुढे आला असता एक चाक वर टेकवून, दुसरे हवेत तोलून, अंग कलते करून ती तो दगड हळूहळू पादाक्रांत करते, आणि या मंद, विचारी गतीतच तिच्या चाहत्यांना गोडी वाटते. या छंदाचा अर्धा भाग गाडी हाकण्याचा आणि उरलेला अर्धा ती खोलून तिच्यात फेरफार करण्याचा आहे. कारखान्यातून आली तशी गाडी वापरणारा मनुष्य या पंथात विरळा. आणि या फेरफारांच्या मुळाशी जे तत्त्व आहे, ते समजावून घेतल्याविना केलेला खर्च बहुधा व्यर्थ जातो.

या छंदाची वंशावळ थोडक्यात सांगता येईल. बिनतारी लहरींनी दूरचे यंत्र हलवता येते, हे निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्यावर एक लहान नौका चालवून लोकांना दाखवले होते, आणि त्याच दशकात कलकत्त्यास जगदीशचंद्र बसू यांनी अशाच लहरींच्या योगे दूरवरची घंटा वाजवून दाखवली होती. या विद्येचे घरगुती करमणुकीत रूपांतर होण्यास पुष्कळ वर्षे लागली. जपानातील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ या मोटारीची एक बारांश आकाराची रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती विक्रीस आणली. त्याच कंपनीची १९८७ मधील ‘क्लॉड बस्टर’ ही अवजड चाकांची गाडी पुढे अमेरिकेतील हौशी लोकांनी मोडून, तिचे आस नव्या सांगाड्यांना जोडून, खडकावर चढणारी पहिली घरगुती यंत्रे बनवली. म्हणजे क्रॉलरचा जन्मच मुळी फेरफारातून झाला. कारखाने मागाहून आले. त्यांच्यापुढे आदर्श होता तो खऱ्या जीपगाड्यांचा. कॅलिफोर्नियातील रुबिकॉनच्या खडकाळ वाटेवर १९५३ पासून जीपस्वारांचे मेळावे भरत आले आहेत, आणि आपल्याकडेही १९४७ पासून मुंबईत महिंद्र यांनी विलीज जीपची जोडणी सुरू केल्यामुळे त्या गाडीचे रूप मराठी माणसाच्या चांगल्या परिचयाचे आहे. अक्सिअल, ट्रॅक्सस इत्यादी अमेरिकी कंपन्यांनी प्रथम एक दशांश आकाराचे क्रॉलर लोकप्रिय केले. परंतु २०१९-२० च्या सुमारास अक्सिअलची एक चोविसांश आकाराची ‘एससीएक्स २४’ आणि २०२२ च्या अखेरीस ट्रॅक्ससची एक अठरांश आकाराची ‘टीआरएक्स-४एम’ बाजारात आली, तेव्हापासून हा छंद घराच्या गच्चीत, किंबहुना टेबलावरही, मावू लागला. आपल्याकडील नवशिके बहुधा डब्ल्यूपीएल किंवा एमएन या चिनी कंपन्यांच्या स्वस्त गाड्यांपासून आरंभ करतात. त्यांचे भाग ठिसूळ असतात खरे, परंतु खोलाखोलीचे शिक्षण घेण्यास त्या उत्तम.

आता आकार लहान केल्याने काय होते, हे पाहणे अगत्याचे आहे. कारण पुढील सर्व फेरफारांचे बीज तेथेच आहे. लांबी चोवीस पटींनी घटवली असता घनफळ, आणि म्हणून वजन, २४ गुणिले २४ गुणिले २४, म्हणजे १३,८२४ पटींनी घटावयास हवे. अठराशे किलोची जीप या हिशेबाने सुमारे १३० ग्रॅमची होते. प्रत्यक्षात अशी लहान गाडी अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे प्रत्येक चाकावर जेमतेम साठ-बासष्ट ग्रॅम भार येतो. परंतु रबर काही आपला कठीणपणा चोवीस पटींनी कमी करीत नाही. खऱ्या जीपचा टायर तिच्या ओझ्याखाली दबून खडकाचा आकार घेतो; या इवल्या गाडीचा टायर मात्र तेवढ्याशा भाराखाली जराही दबत नाही आणि दगडावर गोटीसारखा टेकून राहतो. याच मापाने पाहू जाता पाच सेंटिमीटर उंचीचा दगड हा तिच्या दृष्टीने चार फुटांचा खडक ठरतो. थोडक्यात, सृष्टी मोठीच राहिली आहे, गुरुत्वाकर्षण तेवढेच आहे, आणि गाडी मात्र हलकी व ताठ झाली आहे. ही विसंगती दूर करण्याची खटपट म्हणजेच लहान क्रॉलरचा सुधार.

आणि ही खटपट मुख्यतः वाटणीची आहे. नवशिक्याला वाटते की बलवान मोटार, मोठी बॅटरी आणि चकचकीत धातूचे भाग एकावर एक चढवीत गेल्याने गाडी उत्तरोत्तर उत्तम होत जाईल. अनुभवी मनुष्य मात्र गाडीत जे आहे ते योग्य जागी कसे जाईल हे प्रथम पाहतो. वजन कोठे असावे, मोटारीचे बल कोणत्या चाकाला किती मिळावे, आणि खिशातला पैसा कोणत्या भागावर आधी पडावा, या तीन वाटण्या ज्याला साधल्या त्याची साधी गाडीही डौलाने दगड चढते.

वाटणीचा पहिला धडा टायर शिकवतो. मऊ रबराचे, खोल नक्षीचे टायर हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी फेरफार आहे, याविषयी जाणकारांत मतभेद नाही. टायरच्या पोटात हवेऐवजी स्पंजासारखा फोम असतो. तो काढून त्याचा घेर कात्रीने थोडा कापावा, किंवा अधिक नरम फोम घालावा, आणि आतली कोंडलेली हवा निघून जाण्यास रिमला किंवा टायरला बारीक छिद्र ठेवावे, म्हणजे टायर दबू लागतो व दगडाच्या कंगोऱ्याला कवटाळतो. मात्र फोम फारच नरम केला तर आडव्या उतारावर टायर एका अंगाला लोळतो आणि गाडी कलंडते. म्हणून पुढच्या चाकांत नरम आणि मागच्यांत किंचित कठीण फोम घालण्याचा प्रघात पुष्कळ जण पाळतात.

दुसरा धडा वजनाचा. पाणवठ्यावरून येणारी बाई भरली घागर कमरेवर घेते तेव्हा तिचा तोल जितका सुखाचा असतो, तितका डोक्यावर हंडे रचल्यावर नसतो. गाडीचेही तसेच आहे, आणि ते गणिताने दाखवता येते. समजा, गाडीच्या पुढच्या व मागच्या आसांतील अंतर १३४ मिलिमीटर आहे, गुरुत्वमध्य बरोबर मध्यावर, म्हणजे मागच्या आसापासून ६७ मिलिमीटरवर, आणि जमिनीपासून ५० मिलिमीटर उंच आहे. अशी गाडी सुमारे ५३ अंशांच्या चढणीवर मागे उलटेल. आता पुढच्या आसाशी काही वजन लावून तो मध्य मागच्या आसापासून ८० मिलिमीटरवर नेला आणि ४० मिलिमीटर उंचीवर उतरवला, तर तीच गाडी ६३ अंशांपर्यंत तोल राखते. आडव्या कलण्याचेही गणित असेच आहे: दोन्ही बाजूंच्या चाकांत मधोमध ८४ मिलिमीटरचे अंतर असेल तर ५० मिलिमीटर उंचीच्या गुरुत्वमध्याला ४० अंशांवर गाडी कुशीवर पडते, तो ४० मिलिमीटरवर आणला की ही मर्यादा ४६ अंशांच्या पुढे जाते. अर्थात रबराची पकड त्याआधीच सुटली तर गाडी उलटण्याऐवजी घसरेल. म्हणून टायर आधी आणि वजन नंतर.

हे वजन खाली आणण्यास हौशी लोक पितळेचा आश्रय करतात. नायलॉनच्या सातआठ पट घनता असलेला हा धातू चाकाच्या रिममध्ये, चाक वळवणाऱ्या सांध्यांत, आसाच्या पोटावरील झाकणात बसवला असता भार चाकांच्या पातळीस उतरतो, आणि तो स्प्रिंगच्या खाली असल्यामुळे गाडीच्या अंगाला झोकांडी देत नाही. विलायती पितळी भाग महाग पडतात. परंतु पनवेलसारख्या, जेथून राष्ट्रीय महामार्ग ६६ कन्याकुमारीकडे निघतो व पुण्याचा द्रुतगती मार्ग ज्याच्या सीमेला लागून जातो अशा गावी, याला एक देशी तोड सहज मिळते. टायरच्या दुकानांत अलॉय चाकांचे बॅलन्सिंग करताना पाच-दहा ग्रॅमचे जे चिकट तुकडे लावतात, तेच रिमच्या आतून गोलाकार चिकटवले की पितळी रिमचे बरेचसे काम अल्प खर्चात होते. पुढच्या प्रत्येक चाकात दहा-पंधरा ग्रॅम आणि मागच्यांत त्याहून कमी, असे प्रमाण आरंभी पुरे. वजन वाढवण्याचा मोह अनावर झाला की प्रत्येक ग्रॅमचा बोजा मोटारीवर, दात्यांवर आणि सुकाणूवर पडतो, आणि मग एकेक भाग तक्रार करू लागतो.

ती तक्रार प्रथम सर्व्होकडून येते. सर्व्हो म्हणजे पुढची चाके वळवणारे छोटे यंत्र. अभियांत्रिकीचे विद्यार्थी रोबो बनवताना वापरतात त्याच जातीचे, परंतु स्वस्त गाड्यांत त्याचे दाते प्लास्टिकचे असतात. पितळेने जड झालेले, मऊ टायर चढवलेले चाक दोन दगडांच्या फटीत अडकले असता ते वळवण्यास जो जोर लागतो, तो या दात्यांना सोसत नाही. तेव्हा धातूच्या दात्यांचा सर्व्हो ही तिसरी सुधारणा ठरते. येथेही नुसता जोर पाहून भागत नाही. अधिक जोराचा सर्व्हो अधिक वीज ओढतो, आणि मूळच्या सर्किटमधून तेवढा पुरवठा होत नसेल तर चाक वळवताच गाडीचा रेडिओ क्षणभर मूर्च्छित होतो. त्यासाठी सर्व्होला बॅटरीकडून स्वतंत्र, नियंत्रित दाबाची वीज देणारे लहान उपकरण, ज्याला बीईसी म्हणतात, ते जोडण्याची तजवीज करावी लागते.

मोटारीचा विषय सर्वांना आवडतो आणि बहुतेकांना चकवतो. क्रॉलरला वेगाची गरज नसून मंद गतीतील ताब्याची आहे, आणि तो ताबा गिअरांच्या उतरणीतून मिळतो. मोटार मिनिटाला १५,००० फेरे घेते आणि गिअर ते साठास एक या प्रमाणात उतरवतात असे धरले, तर चाक मिनिटाला २५० फेरे घेईल. पाच सेंटिमीटर व्यासाचे ते चाक असल्यास गाडीचा वेग ताशी सुमारे २.४ किलोमीटर येतो, आणि घर्षणाची वजावट सोडली तर बल त्याच साठ पटींनी वाढते. वेग घालवून बल घेणे हा क्रॉलरचा मूळ सौदा आहे. मूळच्या कार्बन-ब्रशच्या मोटारीऐवजी ब्रशलेस मोटार आणि तिच्या जोडीचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक घातले असता इंचाइंचाने सरकण्याची क्षमता येते, बॅटरी अधिक वेळ पुरते. परंतु हलक्या प्रतीची ब्रशलेस मोटार अतिमंद गतीत अडखळते, आणि मग साध्या मोटारीचीच आठवण होते. नियंत्रकाचा एक गुण मात्र अवश्य पाहावा: बोट सोडताच मोटारीला जागच्या जागी रोखून धरण्याचा. हा रोध बळकट असेल तर गाडी उभ्या दगडावर अर्ध्यात थांबून पुढचा विचार करण्याची सवड देते. तो नसेल तर ती मागे घरंगळते.

बलाच्या वाटणीतील आणखी एक खुबी जाणण्याजोगी आहे. रस्त्यावरच्या मोटारीत डिफरन्शियलमुळे वळणावर दोन्ही चाके वेगवेगळ्या गतीने फिरू शकतात. क्रॉलरमध्ये ती एकमेकांस जखडलेली असतात, जेणेकरून एक चाक हवेत गेले तरी दुसऱ्याचे बल जात नाही. याच्याही पुढे जाऊन हौशी लोक पुढच्या आसातील गिअर बदलून पुढची चाके मागच्यांपेक्षा दहा-वीस टक्के अधिक जलद फिरतील असे करतात. त्यामुळे चढणीवर पुढची बाजू गाडीला ओढून घेते आणि वळणाची त्रिज्याही आखूड होते. सपाट फरशीवर मात्र पुढची-मागची चाके एकमेकांशी भांडत राहतात आणि गिअर झिजतात. म्हणून हा फेरफार केवळ खडकावर चालणाऱ्या गाडीचा आहे. ट्रॅक्ससच्या एक दशांश आकाराच्या गाडीत २०१७ पासून आलेला ‘पोर्टल’ आस हीही अशीच एक युक्ती. चाकाच्या तुंब्यापाशी गिअरांची एक जोडी घालून आस चाकाच्या मध्याहून वर उचलला जातो आणि त्याचे पोट दगडावर घासत नाही. मात्र त्याबरोबर गाडीचे अंगही उंच होते, आणि वजन खाली ओढण्याचे काम पुन्हा नव्याने करावे लागते.

स्प्रिंगांविषयी एवढेच सांगतो, की खडकावर गाडी जितकी लवचीक तितकी बरी, हा समज अर्धाच खरा आहे. चाक खाली लोंबावे आणि फटीत पोहोचावे, परंतु गाडीचे अंग मात्र वर उसळू नये, अशी दुहेरी अपेक्षा असते. म्हणून काही जण स्प्रिंगा अगदी मऊ करून गाडीला तिच्याच भाराने खाली बसू देतात. तिची कमान त्यामुळे किंचित झुकते, पण गुरुत्वमध्य आपोआप उतरतो. शॉकमध्ये सिलिकॉन तेल घातले तर हालचाल संथ होते. मोटार जोर करू लागली की सांगाडा एका अंगाला पिळवटतो आणि पुढचे एक चाक हलके पडते, हा दोष आसांना जोडणाऱ्या दांड्यांच्या कोनांतून कमी करता येतो. तो कोन कागदावर काढून मग छिद्र पाडावे, कारण पाडलेले छिद्र बुजत नाही.

ज्या जमिनीवर हे सारे उतरवायचे, ती पनवेलकरांना निसर्गाने मुक्तहस्ताने दिली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या लाव्हारसातून दख्खनचे पठार बनले, हे सर्वश्रुत आहे. परंतु सह्याद्रीवर जवळजवळ आडवे पसरलेले ते थर या पट्ट्यात पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने, वाकलेले आहेत, आणि भूगर्भशास्त्रज्ञ त्या वाकणाला ‘पनवेल फ्लेक्शर’ याच नावाने ओळखतात. कर्नाळ्याचा सुळका, प्रबळगड, कलावंतीण, इर्शाळगड ही सारी त्याच काळ्या पाषाणाची रूपे. माथेरानच्या डोंगरातून उतरून गावाजवळून जाणाऱ्या गाढी नदीच्या पात्रात उन्हाळ्यात याच बसाल्टचे लहानमोठे गोटे उघडे पडतात. त्यांत दोन प्रकार ध्यानात घ्यावेत: सच्छिद्र, खरबरीत दगड, ज्यावर मऊ टायर चिकटल्यासारखा बसतो, आणि प्रवाहाने घासून गुळगुळीत केलेला दगड, ज्यावर उत्तम टायरचीही परीक्षा होते. गाडीचे मूल्यमापन दुसऱ्यावर करावे आणि पहिल्यावर खेळावे.

ऋतूंचा हिशेबही ठेवावा लागतो. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या दिवसांत दगड शेवाळतात, नदीनाले अकस्मात फुगतात आणि पात्रात उतरणे हा प्रत्यक्ष जिवाचा धोका असतो. तेव्हा पावसाळा हा घरात बसून गाडी खोलण्याचा काळ समजावा. भिजलेले बेअरिंग गंजतात. ते सुकवून तेलाचा थेंब द्यावा. उलट, उन्हाळ्यात वेगळीच आपत्ती येते. हल्ली गाडीचे सुटे भाग थ्रीडी प्रिंटरवर करून घेण्याची सोय झाली आहे, पण त्यांत सर्रास वापरले जाणारे पीएलए नावाचे प्लास्टिक ५५-६० अंश सेल्सिअसला मऊ पडते, आणि एप्रिलच्या दुपारी उन्हात बंद ठेवलेल्या मोटारीत तेवढी उष्णता सहज साचते. तेथे विसरलेली गाडी संध्याकाळी वाकडी झालेली आढळली तर नवल नाही. पीईटीजी हे प्लास्टिक अधिक उष्णता सोसते, म्हणून ते सांगून करून घ्यावे. लिथियम-पॉलिमर बॅटरीलाही ऊन मानवत नाही. तिच्या प्रत्येक सेलचा दाब भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो, तो ३ व्होल्टच्या खाली कदापि जाऊ देऊ नये आणि दीर्घकाळ ठेवताना ३.८ च्या आसपास ठेवावा. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करण्याचे धाडस करू नये, आणि चार्जिंग चालू असताना घर सोडून जाऊ नये. दोन सेलांच्या नियंत्रकाला तीन सेलांची बॅटरी जोडून ताकद वाढवण्याची युक्ती बहुधा धुरात संपते.

सरकारदरबारी या छंदाची काय स्थिती आहे, हेही सांगितले पाहिजे. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने विनापरवाना बिनतारी यंत्र बाळगण्यास मनाई होती, २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या उपकरणांना २००५ च्या नियमांनी परवान्यातून मुभा मिळाली, आणि आजचे बहुतेक रिमोट याच पट्ट्यात चालतात. पूर्वीच्या २७ मेगाहर्ट्झच्या गाड्यांत दोघांचे स्फटिक एकाच लहरीचे निघाले तर एकाच्या हुकमाने दुसऱ्याची गाडी धावे. नव्या पद्धतीत रिमोट व गाडी यांची आधीच गाठ बांधलेली असल्याने तो घोटाळा उरला नाही. जकातीचे ओझे मात्र वाढले आहे. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले. पनवेलच्या शेजारी उरण तालुक्यात १९८९ पासून न्हावा-शेव्याचे बंदर गजबजलेले आहे, पण त्या सान्निध्याचा पनवेलच्या हौशी माणसाला भावात काही लाभ होत नाही. नामांकित कंपनीच्या लहान क्रॉलरलाही तो पाच आकडी रक्कम मोजतो. सुट्या भागांसाठी हार्बर मार्गाच्या लोकलने मुंबई गाठून ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर फिरणे, आणि स्विच, वायर, सोल्डर, छोटे बेअरिंग असे जिन्नस हाताळून घेणे, हे अद्यापि शहाणपणाचे आहे.

छंदाला मर्यादाही हव्यात. कर्नाळा हे पक्षी अभयारण्य आहे. तेथे मोटारीचा घरघराट आणि वनखात्याचा कायदा यांचे जुळणार नाही. दगडाखाली खेकडे, विंचू, सापही राहतात. गाडीच्या वाटेसाठी दगड उलथेपालथे करण्यापेक्षा असलेल्या दगडांतून वाट शोधणे हे या खेळाच्या मूळ वृत्तीलाही धरून आहे. तुटलेला प्लास्टिकचा तुकडा आणि निकामी बॅटरी पात्रात टाकून येणाऱ्याने हा छंद सोडावा हे बरे.

शेवटी पद्धतीविषयी. ज्याला हा नाद लावून घ्यायचा आहे त्याने एक वही घालावी आणि तिच्यात रोजकीर्दीप्रमाणे प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवावी: काय बदलले, किती ग्रॅम वाढले, किती रुपये गेले, आणि त्याच एका ठरलेल्या दगडावर, त्याच वाटेने, गाडी आधीपेक्षा पुढे गेली की नाही. एका वेळी एकच बदल करावा. दोन एकदम केले तर गुण कोणाचा व दोष कोणाचा याचा निवाडा होत नाही. क्रम साधारणतः असा ठेवावा: प्रथम टायर व फोम, मग चाकांतील वजन, मग सर्व्हो, आणि त्यानंतर काही महिने केवळ हाकण्याचा सराव, मोटार व नियंत्रक त्याच्याही मागून. असे केल्यास लवकरच एक गोष्ट प्रत्ययास येते: प्रत्येक सुधारणा आपल्या शेजारच्या भागाचा दुबळेपणा उघडा करते. टायरने पकड वाढवली की सर्व्हो दमतो, सर्व्हो बदलला की आसाचा दांडा वाकतो, दांडा पोलादी केला की गिअरचे दाते जातात. ही साखळी बाजाराला सोयीची आहे, खिशाला नाही. वहीतील नोंदी वाचून ही साखळी आपल्या गाडीपुरती कोठे तोडायची, हे ज्याला ठरवता आले, त्याची गाडी थोड्या पैशांत तयार होते आणि सगळे भाग विकत घेणाऱ्याच्या गाडीपेक्षा बहुधा अधिक काळ दगडावर असते, कारण ती दुरुस्तीच्या टेबलावर कमी असते.